वशिल्याचा बाजार : सत्तेची जवळीक बाजारव्यवस्थेला कशी पोखरते

आजचा विषय आहे वशिलेबाजी आणि बाजारव्यवस्था. अर्थशास्त्राचा विषय तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने का घ्यावा, असं कोणाच्या मनात येईल. पण या विषयाच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे. नफा कमावला असं आपण केव्हा म्हणायचं, आणि नफा लाटला असं केव्हा म्हणायचं? पासबुकात दोन्ही रकमा सारख्याच दिसतात. तरीही समाज कसा घडतो किंवा बिघडतो हे या फरकावर ठरतं.

मराठी वर्तमानपत्रांनी 'क्रोनी कॅपिटॅलिझम'साठी 'कुडमुडी भांडवलशाही' असा शब्द रूढ केला आहे. शब्द मजेदार आहे. पण त्यातून ही काहीतरी किरकोळ, भिकार गोष्ट आहे असा समज होतो. मला 'दरबारी भांडवलशाही' हा शब्द जास्त योग्य वाटतो. कारण इथे व्यापारी गिऱ्हाइकाकडे कमी आणि दरबाराकडे जास्त बघत असतो.

बाजार म्हणजे नेमकं काय?

आपल्या वसईतलंच उदाहरण घेऊ. वाडीतली बाई पहाटे फुलांचा नाहीतर भाजीचा भारा घेऊन लोकलने दादरला जाते. तिथे गिऱ्हाईक माल बघतं, भाव विचारतं, घासाघीस करतं. तुझा मामा कोण, तू कुठल्या पक्षाची, हे कोणी विचारत नाही. माल चांगला आणि भाव पटणारा असेल तर अनोळखी बाईचाही माल जातो. बाजाराचा पहिला गुण हाच. तिथे ओळख लागत नाही. जातीपातीने आणि घराण्यांनी बांधलेल्या आपल्या समाजात ही काही लहान गोष्ट नव्हे.

दुसरा गुण किंमतीचा. फ्रीडरिख हायेक या अर्थतज्ज्ञाने १९४५ साली एका निबंधात असं मांडलं की किंमत हा एक निरोप असतो. मोगऱ्याचा भाव चढला, तर वाडीवाल्याला कळतं की मोगरा जास्त लावायला हवा. कोणी फर्मान काढावं लागत नाही. हजारो माणसांची माहिती त्या एका आकड्यात गोळा झालेली असते.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. बाजार आभाळातून पडत नाही. वजनमाप खरं आहे का, करार पाळला जातो का, सातबाऱ्यावरचं नाव बरोबर आहे का, हे बघायला सरकार लागतं. म्हणजे बाजाराला सरकार हवंच. आणि धोकाही तिथेच आहे. जे सरकार नियम राखतं, त्याच सरकारला हाताशी धरता आलं, तर मग माल चांगला करायची गरजच काय?

लाच, वशिला आणि ताबा

या तीन गोष्टी आपण एकाच 'भ्रष्टाचार' या शब्दात कोंबतो. त्या वेगळ्या करून पाहायला हव्यात.

लाच म्हणजे नियम आहे, पण पैसे देऊन तो आजच्यापुरता मोडला. वशिला म्हणजे नियम कागदावर तसाच आहे, पण आपल्या माणसासाठी तो वाकतो आणि दुसऱ्यासाठी ताठ राहतो. तिसरी पायरी ताब्याची. इथे नियम मोडावा लागत नाही, वाकवावाही लागत नाही. नियम कसा लिहायचा तेच आपण ठरवतो. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २००० सालाच्या सुमारास पूर्वीच्या सोव्हिएत प्रदेशांतल्या देशांचा अभ्यास करताना याला 'स्टेट कॅप्चर' असं नाव दिलं. राज्यसंस्थेवर ताबा.

या तिसऱ्या पायरीचं अलीकडचं मोठं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. आपल्याच सहारनपूरहून तिकडे गेलेल्या गुप्ता बंधूंच्या घरी आपल्याला अर्थमंत्रिपद देऊ केलं गेलं, असा जबाब तिथल्या एका उपअर्थमंत्र्याने दिला. गुप्ता कुटुंबाने हे नाकारलं. पण २०१६ मध्ये थुली मडोन्सेला या लोकरक्षक अधिकाऱ्यांचा अहवाल आला, पुढे न्यायमूर्ती झोन्डो यांच्या आयोगाने २०२२ पर्यंत चौकशी केली, आणि सरकारी वीज कंपनीपासून रेल्वेपर्यंत कंत्राटं कशी वळवली गेली याचा तपशील बाहेर आला. मंत्री कोण होणार हेच व्यापारी ठरवू लागला, तर त्याला लाच द्यायची वेळ कशाला येईल?

ताबा नेहमी असा नाट्यमय नसतो. कायदेशीर, साध्या नियमांतही तो असू शकतो. महाराष्ट्रात दोन साखर कारखान्यांमध्ये पंचवीस किलोमीटरचं हवाई अंतर असावं असा नियम आहे. केंद्राची अट पंधरा किलोमीटरची. कारखान्याला पुरेसा ऊस मिळावा, हे त्याचं समर्थन. त्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. पण शेतकऱ्याच्या बाजूने बघा. जवळ दुसरा कारखानाच उभा राहणार नसेल, तर उसाला भाव देण्याची घाई कोणाला असेल? २०१२ मध्ये रंगराजन समितीने ही अंतराची अट काढावी अशी शिफारस केली. आणि आपल्याकडे कारखान्याचे अध्यक्ष आणि आमदार-खासदार बऱ्याचदा एकच असतात, हे तुम्हाला सांगायला नको.

वसईच्या बंदरातून सुरू झालेला परवाना

परवाना राज १९४७ नंतर सुरू झालं असं आपण समजतो. इतिहास जुना आहे, आणि त्याचं एक पान आपल्याच किल्ल्यात आहे. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. त्या तहात एक अट होती. गुजरातेतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी आधी वसईला यायचं, पोर्तुगिजांचा परवाना घ्यायचा, आणि परतताना पुन्हा वसईला लागायचं. या परवान्याला 'कार्ताझ' म्हणत. कार्ताझ नसेल तर जहाज जप्त. समुद्र पोर्तुगिजांनी निर्माण केला नव्हता, जहाजही त्यांचं नव्हतं, मालही नाही. तरी पैसा त्यांना. का? तर तोफा त्यांच्याकडे होत्या.

अर्थशास्त्रात अशा मिळकतीला 'खंड' म्हणतात. शब्द आपल्या ओळखीचा आहे. कूळ राबतं, मालक खंड घेतो. काही निर्माण न करता, केवळ वाट अडवून बसल्यामुळे मिळणारं उत्पन्न म्हणजे खंड.

आपल्या लोकांना हे समजत नव्हतं असं नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५ च्या सुमारास, युरोपियन टोपीकरांबद्दल सावध केलेलं आहे. आशय असा, की हे इतर सावकारांसारखे नुसते सावकार नाहीत, यांच्यामागे यांचे राजे आहेत. व्यापारी आणि सत्ता एक झाली की तो व्यापार राहत नाही, हे अमात्यांनी ओळखलं होतं.

त्यांची भीती बंगालमध्ये खरी झाली. ईस्ट इंडिया कंपनीला १७१७ च्या मोगल फर्मानाने जकातमाफी मिळाली होती. 'दस्तक' नावाचा कागद दाखवला की जकात नाही. पुढे कंपनीचे नोकर आपल्या खासगी व्यापारासाठीही दस्तक वापरू लागले. देशी व्यापारी जकात भरणार, साहेब भरणार नाहीत. मग नवाब मीर कासीमने काय करावं? १७६३ मध्ये त्याने सर्वांचीच जकात माफ करून टाकली. घ्या, आता सगळे सारखे! खरं तर मुक्त व्यापारवाल्यांना आनंद व्हायला हवा होता. झालं उलटं. हा आपला हक्क बुडाला म्हणून कंपनीचे लोक संतापले, युद्ध झालं, आणि १७६४ ला बक्सारची लढाई नवाबाच्या बाजूने हरली. त्यांना सूट हवी होती ती फक्त स्वतःपुरती. सगळ्यांना मिळाली की त्या सुटीची किंमत शून्य. दरबारी भांडवलशाहीला स्पर्धा नको असते, हे सांगायला याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

सिमेंटची गोणी आणि देणगीची पावती

आता महाराष्ट्रात येऊ. तुमच्यातल्या साठीच्या पुढच्या मंडळींना १९८१ आठवत असेल. सिमेंटवर नियंत्रण होतं. भाव सरकारी, पुरवठा अपुरा, आणि वाटप सरकारच्या हाती. घराला गिलावा करायचा तर अर्ज करा आणि वाट पाहा. त्या काळात मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान नावाची संस्था उभी केली. ऑगस्ट १९८१ मध्ये अरुण शौरी यांनी इंडियन एक्स्प्रेसमधून प्रकरण बाहेर काढलं, प. बा. सामंत वगैरे मंडळी न्यायालयात गेली, आणि १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला, की बिल्डरांना मिळालेलं सिमेंट आणि त्यांनी दिलेल्या देणग्या यांचा परस्परसंबंध आहे. मुख्यमंत्र्यांना जावं लागलं. फौजदारी खटला पुढे अनेक वर्षं चालला. त्यात त्यांना शिक्षा झाली नाही, हेही नोंदवलं पाहिजे.

माणूस बाजूला ठेवा, यंत्रणा बघा. सरकारी भाव आणि काळ्या बाजारातला भाव यांत जेवढं अंतर, तेवढा खंड. ज्याच्या सहीने गोणी मिळते त्याच्या हातात तो खंड वाटायची सत्ता. साहजिकच बिल्डरची सगळी हुशारी सही मिळवण्यात खर्च होणार. ॲन क्रुगर या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९७४ च्या त्यांच्या प्रसिद्ध लेखात अंदाज मांडला होता, की १९६४ मध्ये भारतात परवान्यांतून निर्माण झालेल्या अशा खंडाचं मूल्य राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के होतं. त्यांचं म्हणणं असं, की हा नुसता इकडचा पैसा तिकडे गेला असं नसतं. तो मिळवण्यासाठी जी धावपळ, जे श्रम, जी बुद्धी खर्च होते, ती देशाची निव्वळ नासाडी.

आणि तोडगा काय निघाला? १९८२ मध्ये सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त झालं, १९८९ मध्ये पूर्ण. आज सिमेंट आणायला कोणी मंत्रालयात जात नाही. नाक्यावरच्या दुकानात जातो.

मग १९९१ नंतर प्रश्न सुटला का?

अर्धा सुटला. स्कूटर, सिमेंट, टेलिफोन यांचे परवाने गेले. पण जमीन, खाणी, पाणी, ध्वनिलहरी आणि सरकारी कंत्राटं राहिली. खंड तिकडे सरकला. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून वाटलेल्या कोळसा खाणींपैकी २१४ वाटपं रद्द केली, कारण वाटपाला पारदर्शक निकषच नव्हते. त्यानंतर लिलाव आले.

आणि जमीन? तिच्यासाठी दिल्लीला जायची गरज नाही. आपण वसई-विरारमध्ये बसलोय.

इथे जमिनीची किंमत नकाशावरच्या रंगावर ठरते. हिरवा पट्टा असेल तर वाडी. रंग बदलला की तीच जमीन इमारतीची. मातीत फरक नाही, मालकाच्या कष्टात फरक नाही, तरी किंमत कित्येक पटींनी वाढते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सरकारने इथली हरित पट्ट्यातली जमीन बांधकामाला खुली केली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने जे आंदोलन केलं ते झाडांसाठी होतंच. पण नकाशाचा रंग कोण बदलतो आणि कोणासाठी, हा राजकीय प्रश्नही त्यात होता. १९९० पासून नियोजन सिडकोकडे गेलं, २००९ मध्ये महानगरपालिका झाली, २०१० मध्ये नियोजनही तिच्याकडे आलं. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांवर होती.

नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी यांसाठी आरक्षित जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला, आणि नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात त्या पाडल्या गेल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर आली. ईडीच्या म्हणण्यानुसार बनावट परवानग्या दाखवून ही घरं विकली गेली होती. अनधिकृत बांधकामांना संरक्षण देण्यासाठी आणि परवानग्यांसाठी चौरस फुटामागे वीस-पंचवीस रुपये असा दर ठरला होता, असा आरोपही ईडीने पालिकेतल्या वरिष्ठांवर केला. हे आरोप आहेत. एका माजी आयुक्तांची अटक बेकायदा होती असा निर्णय उच्च न्यायालयाने २०२५ मध्येच दिला. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल, मी नाही.

पण कोणाचंही नाव न घेता आपण एवढं विचारू शकतो. ४१ इमारती एका रात्रीत उगवत नाहीत. त्यांना रस्ता लागतो, पाणी लागतं, विजेचं मीटर लागतं. हे सगळं मिळत असताना आरक्षणाचा नकाशा कार्यालयात टांगलेलाच होता ना?

आता या बाजारातल्या तीन माणसांचा विचार करा.

पहिला, सचोटीचा बिल्डर. तो जमीन विकत घेतो, परवानगी घेतो, विकासशुल्क भरतो, चांगलं लोखंड वापरतो. शेजारचा यातलं काहीच करत नाही आणि निम्म्या भावात घर देतो. सचोटीचा माणूस किती दिवस टिकेल? खोटं नाणं खऱ्याला बाजारातून हाकलतं, तसं हे. काही वर्षांनी फक्त वशिल्यात हुशार माणसं उरतात, आणि तरुण मुलं बघतात की काँक्रीट शिकण्यापेक्षा साहेबांच्या केबिनबाहेर बसणं शिकलेलं बरं.

दुसरा, घर घेणारा. त्याच्यासाठी किंमत हा निरोप होता. स्वस्त म्हणजे परवडणारं, असं तो समजला. खरं तर स्वस्त याचा अर्थ होता 'कायदा नाही, मलनिस्सारण नाही, पाया किती खोल ते माहीत नाही'. किंमत खोटं बोलली. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला अशाच एका अनधिकृत इमारतीचा भाग मध्यरात्रीच्या सुमारास कोसळला आणि १७ माणसं गेली. वशिलेबाजीला आपण 'व्यवहार' म्हणतो ना, तिचा हिशेब असा चुकता होतो.

तिसरा, ज्याने तिथे काहीच घेतलं नाही तो. म्हणजे तुम्ही-आम्ही. सांडपाणी केंद्राची जागा गेली, म्हणजे ते सांडपाणी आपल्या नाल्यात, खाडीत आणि पावसाळ्यात आपल्या दारात.

दोन आक्षेप

तुम्ही म्हणाल, सर, हे तर सगळीकडेच चालतं. दक्षिण कोरियाने काही घराण्यांना हाताशी धरूनच प्रगती केली की! खरं आहे. पण पार्क चुंग-ही यांच्या काळात तिथल्या कंपन्यांना स्वस्त कर्ज मिळायचं ते निर्यातीचं लक्ष्य गाठलं तर. जगाच्या बाजारात अनोळखी गिऱ्हाइकाने माल घेतला पाहिजे, ही परीक्षा होती. मेहेरबानीला परीक्षा जोडलेली होती. तरीही १९९७ च्या संकटात त्या जवळिकीची मोठी किंमत त्यांनी मोजलीच. आपल्याकडे परीक्षा कोणती? निवडणुकीचा खर्च कोणी केला, हीच असेल तर अवघड आहे.

दुसरा आक्षेप असा, की मग सगळं सरकारनेच करावं, व्यापारी हवाच कशाला? पण सिमेंट आठवा. सही जितकी मौल्यवान, तितकी तिच्याभोवती गर्दी. उलट, सगळं बाजारावर सोडा म्हणणाऱ्यांनी ४१ इमारती आठवाव्यात. तिथे सरकार जास्त नव्हतं. जिथे हवं होतं तिथे ते गैरहजर होतं. म्हणून सरकार किती मोठं, यापेक्षा त्याचा नियम सर्वांना सारखा आणि सर्वांना दिसणारा आहे का, हे विचारायला हवं. अधिकारपद ही समाजाने विश्वासाने दिलेली ठेव आहे. ठेव वापरून स्वतःचा धंदा करायचा नसतो, हे आपल्याकडे अडाणी माणसालाही कळतं.

मग करायचं काय?

मोठे उपाय तुम्ही ऐकलेच असतील. वाटपाऐवजी जाहीर लिलाव. राजकीय देणग्या उघड. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केले ते याच तत्त्वावर, की पैसा कोणाकडून आला हे मतदाराला कळलं पाहिजे. आणि प्रश्न विचारणारं सभागृह. आपल्या महानगरपालिकेत जून २०२० पासून पाच वर्षांहून अधिक काळ निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, कारभार प्रशासकाकडे. सभागृह असलं की सगळं स्वच्छ असतं असं नाही, पण निदान कोणीतरी उठून विचारू शकतं, आणि ते इतिवृत्तात येतं.

लहान उपाय आपल्या हातात आहेत. घर घेताना भाव विचारण्याआधी विकास आराखड्यात त्या सर्व्हे नंबरवर आरक्षण काय आहे ते नगररचना विभागातून काढा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प स्वतः शोधा, बिल्डरने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. परवानगीचा क्रमांक घेऊन पालिकेत खातरजमा करा. माहितीचा अधिकार महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने आला, देशात २००५ मध्ये, तो वापरा. आणि हे एकट्याने करू नका. सोसायटीतल्या दहा जणांनी मिळून अर्ज केला, तर अर्जदाराला धमकावणं कठीण जातं.

शेवटी एक अवघड गोष्ट. आपण सगळे वशिल्याला नावं ठेवतो, आणि आपलं काम अडलं की पहिला प्रश्न विचारतो, 'तिथे आपल्या ओळखीचं कोणी आहे का?' शाळेचा प्रवेश असो, नळजोडणी असो. यात लोकांना दोष देणं सोपं आहे. रांग पुढे सरकतच नसेल तर माणूस खिडकी शोधणारच. पण प्रत्येक वेळी खिडकी शोधली की रांग सरळ करण्याची मागणी करणारा एक माणूस कमी होतो. ज्यांच्याकडे मोठ्या ओळखी आहेत त्यांना हेच हवं असतं, कारण ओळखीच्या शर्यतीत ते आपल्याला नेहमीच हरवणार. दादरला फुलं विकणाऱ्या त्या बाईला कोणाची ओळख लागत नाही. तिला बसायला जागा, खरं वजन आणि सगळ्यांना सारखा नियम एवढंच लागतं. परवानगीच्या आणि जमिनीच्या कचेरीतही आपण तेवढंच मागायचं आहे, आणि मिळेपर्यंत मागत राहायचं आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.